संपीडित संग्रह, संगणकीय

संगणकातील एक वा अनेक फाइली, त्यांची नावे, दिनांक आणि फोल्डरांतील स्थान यांसह एकाच फाइलीत एकत्र बांधून व त्यांतील माहितीचे आकारमान घटवून जी फाइल तयार करण्यात येते, तिला संपीडित संग्रह असे म्हणतात. व्यवहारात ‘झिप फाइल’ या नावाने ओळखला जाणारा प्रकार हा याचा सर्वांत परिचित नमुना होय. असा संग्रह हाताने, म्हणजे पडद्यावरील आज्ञा निवडून, तयार करता येतो. परंतु ठरावीक वेळी, शेकडो फोल्डरांच्या बाबतीत आणि दर वेळी त्याच पद्धतीने काम करावयाचे असल्यास ते स्क्रिप्टवर, म्हणजे एका छोट्या आज्ञावलीवर, सोपविणे सोयीचे ठरते. कार्यालयांतील कागदपत्रांच्या राखीव प्रती, आज्ञावल्यांचे वितरण व डिजिटल दप्तरांचे जतन ही कामे आज मोठ्या प्रमाणावर अशा स्क्रिप्टांच्या साहाय्याने चालतात.

संग्रहण आणि संपीडन या दोन क्रिया मुळात वेगळ्या आहेत. पहिलीत अनेक वस्तू एका गाठोड्यात बांधल्या जातात, तर दुसरीत त्या कमी जागेत मावतील अशा दाबल्या जातात. फाइली न दाबताही संग्रह करता येतो आणि संग्रह न करता एकेक फाइल दाबता येते. या दोन क्रिया वेगवेगळ्या काळी, वेगवेगळ्या गरजांतून निर्माण झाल्या व पुढे एकत्र आल्या. या प्रवासात गणिती शोधांइतकाच वाटा एकस्वे, न्यायालयीन दावे आणि फाइलींचे स्वरूप खुले ठेवण्याविषयीचे निर्णय यांचाही आहे. माणसाने स्वतःची कागदपत्रे ज्या पेटीत ठेवावयाची, तिच्या कुलपाची किल्ली कोणाच्या हाती असावी, हा प्रश्न या इतिहासात वारंवार उपस्थित झालेला दिसतो.

सैद्धांतिक पार्श्वभूमी : वारंवार येणाऱ्या चिन्हांना आखूड व क्वचित येणाऱ्या चिन्हांना लांब संकेत द्यावेत, ही कल्पना तारायंत्राइतकी जुनी आहे. मॉर्स संकेतावलीत इंग्रजीत सर्वाधिक येणाऱ्या ‘ई’ या अक्षरास केवळ एक टिंब, तर विरळा येणाऱ्या ‘क्यू’ या अक्षरास चार चिन्हे आहेत. या कल्पनेला गणिती पाया क्लॉड शॅनन (१९१६–२००१) यांनी १९४८ मध्ये दिला. कोणत्याही संदेशातील माहितीचे मापन करता येते आणि त्या मापाखाली तो संदेश, काहीही न गमावता, आकुंचित करता येत नाही, असे त्यांनी दाखविले. संपीडनाला नैसर्गिक मर्यादा असते हे यावरून स्पष्ट झाले. एकदा पुरेशी दाबलेली फाइल पुन्हा दाबून लहान होत नाही, याचे कारण हेच होय.

ही मर्यादा गाठण्याची व्यवहार्य रीत डेव्हिड हफमन (१९२५–९९) यांनी शोधली. मॅसॅचूसेट्स इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजीमध्ये रॉबर्ट फानो यांच्या वर्गात विद्यार्थी असताना परीक्षेऐवजी निबंध लिहिण्याचा पर्याय त्यांनी १९५१ मध्ये स्वीकारला आणि त्यातूनच ही रीत निष्पन्न झाली. ती १९५२ मध्ये प्रसिद्ध झाली. सर्वांत कमी वेळा येणारी दोन चिन्हे एकत्र जोडावी, त्या जोडीला एकच चिन्ह मानून पुन्हा तीच क्रिया करावी आणि असे करीत सर्व चिन्हांचा एक वृक्ष बनवावा. वृक्षाच्या मुळापासून पानापर्यंतची वाट हाच त्या चिन्हाचा संकेत, असे या रीतीचे स्वरूप आहे. प्रत्येक चिन्हास पूर्ण बिटांचा स्वतंत्र संकेत द्यावयाचा असेल, तर याहून आखूड संकेतावली शक्य नसते.

हफमन यांची रीत एकेका चिन्हाचा विचार करते. शब्द वा वाक्ये पुन्हा पुन्हा येतात याचा लाभ ती घेत नाही. हायफा (इझ्राएल) येथील टेक्नियन या संस्थेतील आब्राहाम लेंपेल (१९३६–२०२३) आणि याकोब झिव्ह (१९३१–२०२३) यांनी १९७७ व १९७८ मध्ये प्रसिद्ध केलेल्या दोन शोधनिबंधांनी ही उणीव दूर केली. त्यांच्या पहिल्या रीतीत मजकूर वाचत जाताना आधी येऊन गेलेला भाग पुन्हा आढळला, तर तो पुन्हा न लिहिता ‘इतके मागे जा आणि इतके उतरवून घ्या’ एवढीच सूचना लिहिली जाते. उदा., ‘संगणक, संगणकाचा’ या शब्दांत दुसऱ्यांदा आलेल्या ‘संगणक’ या भागाऐवजी ‘१७ बाइट मागे जा व १५ बाइट उतरवून घ्या’ एवढे लिहिले की पुरते. कारण युनिकोडच्या प्रचलित साठवण पद्धतीत (यूटीएफ-८) प्रत्येक देवनागरी वर्णचिन्ह तीन बाइट व्यापते. दुसऱ्या रीतीत आढळलेल्या अंशांचा एक कोश तयार होत जातो आणि मजकुराऐवजी कोशातील अनुक्रमांक लिहिले जातात. मजकुराचे स्वरूप आधी ठाऊक असण्याची गरज या रीतींना नसते. आजच्या बहुसंख्य संपीडन आज्ञावल्या यांपैकी एका रीतीच्या, मुख्यतः पहिलीच्या, वंशज आहेत.

फितीवरील संग्रह : संग्रहणाची गरज चुंबकीय फितींमुळे निर्माण झाली. बेल प्रयोगशाळेतील युनिक्स या कार्यकारी प्रणालीत ‘एआर’ ही संग्रहण आज्ञावली १९७१ पासून होती. तिचा उपयोग मुख्यतः भाषांतरित आज्ञावल्यांच्या घटकांचे ग्रंथालय बनविण्यासाठी होई. १९७९ मध्ये युनिक्सच्या सातव्या आवृत्तीबरोबर ‘टार’ ही आज्ञावली आली. ‘फितीवरील संग्रह’ या अर्थाच्या इंग्रजी शब्दांचा हा संक्षेप होय. टार संग्रहात प्रत्येक फाइलीआधी ५१२ बाइटांचा मथळा असतो व त्यात नाव, आकारमान, मालक, परवानग्या आणि दिनांक नोंदविलेले असतात. पाठोपाठ फाइलीतील माहिती ५१२ बाइटांच्या पटीत भरून लिहिली जाते. फीत केवळ पुढे सरकत असल्यामुळे यात सूची नसते; हवी असलेली फाइल सापडेपर्यंत आरंभापासून वाचत जावे लागते.

टार स्वतः संपीडन करीत नाही. एका आज्ञावलीने एकच काम नीट करावे, या युनिक्सच्या परंपरेला अनुसरून आधी टारने गाठोडे बांधावे व मग दुसऱ्या आज्ञावलीने ते दाबावे, अशी पद्धत रूढ झाली. तिचा एक लाभ व एक तोटा आहे. सर्व फाइली सलग दाबल्या गेल्यामुळे एका फाइलीतील मजकूर दुसरीत पुन्हा आला, तर त्याचाही फायदा मिळतो आणि आकारमान अधिक घटते. उलट, मधलीच एक फाइल हवी असल्यास आरंभापासून सर्व उलगडावे लागते आणि मध्येच एखादा भाग बिघडला, तर त्यापुढील सर्व माहिती धोक्यात येते.

एकस्वाचा वाद : लेंपेल व झिव्ह यांच्या दुसऱ्या रीतीत टेरी वेल्च यांनी सुधारणा केली आणि ती १९८४ मध्ये प्रसिद्ध झाली. तिघांच्या आद्याक्षरांवरून ती ‘एलझेडडब्ल्यू’ या नावाने ओळखली जाते. सुटसुटीत व वेगवान असल्यामुळे ती लगेच लोकप्रिय झाली. युनिक्सवरील ‘कॉम्प्रेस’ ही आज्ञावली आणि १९८७ मध्ये कॉम्प्युसर्व्ह कंपनीने आणलेले ‘गिफ’ हे चित्रांचे स्वरूप तिच्यावरच आधारलेले होते. तथापि या रीतीसाठी स्पेरी कंपनीने १९८३ मध्ये अर्ज करून १९८५ मध्ये अमेरिकेत एकस्व मिळविलेले होते. १९८६ मध्ये स्पेरी व बरोज या कंपन्यांच्या एकत्रीकरणातून युनिसिस ही कंपनी निर्माण झाली व एकस्व तिच्याकडे गेले. डिसेंबर १९९४ मध्ये गिफ वापरणाऱ्या आज्ञावल्यांच्या निर्मात्यांकडून परवाना शुल्क घेण्याची घोषणा झाली, तेव्हा आपण वर्षानुवर्षे वापरीत असलेली रीत खासगी मालकीची आहे, हे अनेकांना प्रथमच कळले.

काहींना या धोक्याची जाणीव आधीच झालेली होती. झां-लू गायी व मार्क ॲड्लर यांनी एकस्वमुक्त रीतीवर आधारलेली ‘जीझिप’ ही आज्ञावली ऑक्टोबर १९९२ मध्ये प्रथम प्रसृत केली व तिने ‘कॉम्प्रेस’ची जागा घेतली. अमेरिकेतील हे एकस्व जून २००३ मध्ये आणि इतर देशांतील २००४ मध्ये संपुष्टात आले. तोवर बहुतेक आज्ञावलीकार त्या रीतीपासून दूर गेलेले होते.

झिपचा उदय : १९८० नंतरच्या दशकात वैयक्तिक संगणकांचे वापरकर्ते दूरध्वनीच्या तारेवरून फलक-सेवांशी संपर्क साधून फाइलींची देवघेव करीत. दूरध्वनीचे बिल मिनिटांवर आकारले जाई. त्यामुळे फाइल जितकी लहान तितका खर्च कमी. अशा काळात सिस्टिम एन्हान्समेंट असोसिएट्स या अमेरिकेतील छोट्या कंपनीचे टॉम हेंडरसन यांनी १९८५ मध्ये ‘आर्क’ ही आज्ञावली आणली. संग्रहण व संपीडन या दोन्ही क्रिया तीत एकत्र होत असल्यामुळे ती लवकरच सर्वत्र रूढ झाली. तिची मूळ संहिताही उपलब्ध करून देण्यात आली होती.

मिलवॉकी येथील तरुण आज्ञावलीकार फिल काट्झ (१९६२–२०००) यांनी आर्कशी सुसंगत, परंतु कितीतरी वेगवान अशी आज्ञावली तयार करून आपल्या पीकेवेअर या कंपनीतर्फे वितरित केली. स्वामित्वाधिकार व व्यापारचिन्ह यांचा भंग झाल्याचा दावा मूळ कंपनीने १९८८ मध्ये दाखल केला. तो त्याच वर्षी तडजोडीने मिटला. काट्झ यांच्या कंपनीने रक्कम देण्याचे व ठरावीक मुदतीनंतर आर्कशी सुसंगत आज्ञावल्यांचे वितरण थांबविण्याचे मान्य केले. कायद्याच्या दृष्टीने हा निकाल मूळ कंपनीस अनुकूल होता. परंतु फलक-सेवांच्या वापरकर्त्यांनी या वादाकडे बलाढ्य कंपनी विरुद्ध एकाकी कारागीर अशा दृष्टीने पाहिले. वस्तुतः दोन्ही पक्ष लहानच होते आणि आर्कची संहिता खुली ठेवणाऱ्या हेंडरसन यांच्या बाजूचा पुरेसा विचार त्या वेळी झाला नाही.

काट्झ यांनी यानंतर नवे स्वरूप निर्माण केले व १९८९ च्या आरंभी ‘पीकेझिप’ ही आज्ञावली प्रसृत केली. तिच्याबरोबरच झिप या फाइल-स्वरूपाचे संपूर्ण वर्णन त्यांनी प्रसिद्ध केले आणि ते कोणासही वापरण्यास मोकळे असल्याचे जाहीर केले. आज्ञावली विकावयाची, पण तिने तयार केलेल्या फाइलीचे स्वरूप सर्वांसाठी खुले ठेवावयाचे, हा निर्णय या इतिहासातील सर्वांत दूरगामी ठरला. त्यामुळे ‘इन्फो-झिप’ या स्वयंसेवी गटाला विविध संगणकांसाठी विनामूल्य आज्ञावल्या लिहिता आल्या. झिपच्या आरंभीच्या आवृत्त्यांतील एक रीत एलझेडडब्ल्यूचीच सुधारित आवृत्ती होती. परंतु १९९३ च्या सुमारास रूढ झालेल्या दुसऱ्या पिढीत ‘डिफ्लेट’ ही नवी रीत आली. यात आधी लेंपेल-झिव्ह यांच्या पहिल्या रीतीने पुनरावृत्ती काढून टाकतात व मग उरलेल्या चिन्हांना हफमन संकेत देतात. मागे पाहण्याची मर्यादा ३२,७६८ बाइट, तर एका वेळी उतरवून घ्यावयाचा अंश ३ ते २५८ बाइट असतो.

गायी व ॲड्लर यांनी डिफ्लेटसाठी ‘झेडलिब’ हे आज्ञावली-ग्रंथालय १९९५ मध्ये उपलब्ध केले आणि १९९६ मध्ये इंटरनेटच्या मानक दस्तऐवजांत या रीतीचे वर्णन समाविष्ट झाले. गिफला पर्याय म्हणून आलेले ‘पीएनजी’ हे चित्रस्वरूपही याच रीतीवर उभे आहे. २००६ मध्ये मानक ठरलेली कार्यालयीन दस्तऐवजांची दोन्ही प्रमुख स्वरूपे, तसेच इलेक्ट्रॉनिक पुस्तकांचे ‘ईपब’ हे स्वरूप, आतून झिप संग्रहच आहेत. मराठीतील एखादा लेख आज संगणकावर जतन केला जातो, तेव्हा लिहिणाऱ्याच्या नकळत बहुधा एक झिप फाइल तयार होत असते. २०१५ मध्ये झिपच्या मर्यादित रूपास आंतरराष्ट्रीय मानकाचा दर्जा मिळाला. काट्झ यांचे एप्रिल २००० मध्ये, वयाच्या ३७ व्या वर्षी, निधन झाले. झिप फाइलीच्या आरंभी येणारी ‘पीके’ ही अक्षरे ही त्यांच्या नावाची आद्याक्षरे होत.

झिपची रचना : टारच्या उलट, झिपमध्ये प्रत्येक फाइल स्वतंत्रपणे दाबली जाते आणि संग्रहाच्या अखेरीस सर्व फाइलींची मध्यवर्ती सूची असते. प्रत्येक नोंदीत नाव, मूळ व संपीडित आकारमान, संपीडनाची रीत, दिनांक व ३२ बिटांचा पडताळा-अंक असतो. सूची शेवटी असल्यामुळे एकच फाइल झटकन काढता येते आणि नवीन फाइली जोडणे सुलभ होते. मात्र शेवटचा भाग लिहिण्यापूर्वीच काम खंडित झाले, तर संग्रह सामान्य साधनांनी उघडत नाही. पडताळा-अंकामुळे अपघाताने झालेला बिघाड लक्षात येतो. हेतुपुरस्सर केलेला बदल त्याने ओळखता येत नाही. मूळ स्वरूपात एका संग्रहात ६५,५३५ फाइली व ४ गिगाबाइट एवढीच मर्यादा होती. ती २००१ मध्ये ‘झिप-६४’ या विस्ताराने दूर झाली. दिनांकाची नोंद जुन्या डॉस प्रणालीची असल्यामुळे १९८० पूर्वीचा काळ तीत मांडता येत नाही आणि वेळ दोन सेकंदांच्या टप्प्यांनीच नोंदविली जाते.

स्क्रिप्टद्वारे संग्रहनिर्मिती : युनिक्सवर ठरावीक वेळी आपोआप चालणाऱ्या ‘क्रॉन’ या सेवेला टारची आज्ञा जोडून रोज रात्री राखीव प्रत घेण्याची प्रथा जुनी आहे. पुढे सर्वसाधारण क्रमणभाषांतच संग्रहाचे घटक समाविष्ट झाले आणि बाहेरच्या आज्ञावलीवर विसंबण्याची गरज उरली नाही. नेदरलँड्समधील खीडो व्हान रॉसम यांनी निर्माण केलेल्या व १९९१ मध्ये प्रथम प्रसृत झालेल्या पायथन या भाषेत ‘झिपफाइल’ हा घटक २००० मध्ये १.६ या आवृत्तीत, तर ‘टारफाइल’ हा घटक २००३ मध्ये २.३ या आवृत्तीत आला. संपूर्ण फोल्डराचा संग्रह एकाच आज्ञेने करणारे ‘मेक-आर्काइव्ह’ हे फलन ‘शटिल’ या घटकात २०१० मध्ये २.७ आणि २०११ मध्ये ३.२ या आवृत्तीपासून उपलब्ध झाले. विंडोज प्रणालीवरील पॉवरशेल या आज्ञाभाषेतही पाचव्या आवृत्तीपासून अशी सोय आहे.

फोल्डराचा झिप संग्रह करणाऱ्या स्क्रिप्टचे काम पाच टप्प्यांत होते : (१) नव्या संग्रहाची फाइल लिहिण्यासाठी उघडणे, (२) मूळ फोल्डर व त्यातील सर्व उपफोल्डर यांतून क्रमाने फिरणे, (३) प्रत्येक फाइलीचे मूळ फोल्डराच्या संदर्भातील सापेक्ष नाव ठरविणे, (४) फाइल वाचून, दाबून संग्रहात लिहिणे, (५) संग्रह बंद करणे. हे टप्पे सरळ वाटले, तरी प्रत्येकात एक खाच आहे.

पायथनच्या झिपफाइल घटकात संपीडनाची रीत स्पष्टपणे सांगितली नाही, तर फाइली न दाबता तशाच ठेवल्या जातात. नवशिक्याने लिहिलेल्या स्क्रिप्टने बनविलेला संग्रह मूळ फोल्डराएवढाच भरतो, याचे कारण बहुधा हेच असते; डिफ्लेट रीतीचा उल्लेख केल्यावर तो लहान होतो. सापेक्ष नाव ठरविण्याचे टाळले, तर मूळ संगणकावरील फोल्डरांची सबंध साखळी संग्रहात उतरते आणि उलगडणाऱ्यास अनेक रिकाम्या फोल्डरांच्या आत शिरून आपली फाइल शोधावी लागते. तयार होणारा संग्रह मूळ फोल्डरातच ठेवला, तर स्क्रिप्ट फिरता फिरता त्याच अपुऱ्या संग्रहास स्वतःत घेऊ लागते. म्हणून तो नेहमी बाहेरच्या जागी तयार करावा. केवळ फाइलींवरच लक्ष ठेवणारी स्क्रिप्ट रिकामे फोल्डर गाळते. ते राखावयाचे असल्यास त्यांची स्वतंत्र नोंद करावी लागते. फाइलीचा दिनांक १९८० पूर्वीचा नोंदला गेला असेल, उदा., संगणकाचे घड्याळ बिघडल्यामुळे, तर झिपफाइल घटक काम थांबवून चूक दाखवितो. ही अट शिथिल करण्याची सोय २०१९ मध्ये ३.८ या आवृत्तीत करण्यात आली.

संग्रह बंद करण्याचा पाचवा टप्पा सर्वांत महत्त्वाचा होय, कारण मध्यवर्ती सूची त्याच वेळी लिहिली जाते. मध्येच चूक होऊन स्क्रिप्ट थांबली, तरी संग्रह बंद होईल अशी रचना भाषेत उपलब्ध आहे व ती वापरणे इष्ट असते. तथापि नीट बंद झालेला संग्रह पूर्ण असेलच असे नाही. त्यासाठी तयार झालेला संग्रह पुन्हा उघडून त्यातील पडताळा-अंक तपासावेत, फाइलींची संख्या मूळ फोल्डराशी ताडून पाहावी आणि त्यानंतरच मूळ फाइली हलविण्याचा विचार करावा. संग्रह झाला असे समजून मूळ दप्तर पुसून टाकणे व नंतर संग्रह उघडत नसल्याचे आढळणे, ही या क्षेत्रातील सर्वांत महागडी चूक असते. तिच्यावर उपाय नसतो. नियमित राखीव प्रतींपैकी एखादी वेळोवेळी उलगडून पाहावी, असे म्हणतात ते यासाठीच.

देवनागरी नावे व मजकूर : झिपचे मूळ वर्णन तयार झाले, तेव्हा फाइलीचे नाव आयबीएमच्या ४३७ क्रमांकाच्या संकेतपृष्ठात लिहिलेले असते, असे गृहीत धरले होते. त्यात देवनागरीस स्थान नव्हते. परिणामी मराठी नावे दिलेल्या फाइली एका संगणकावर दाबून दुसऱ्यावर उलगडल्या असता नावांच्या जागी अर्थहीन चिन्हे दिसत. आतील मजकूर मात्र सुरक्षित असे. २००६ मध्ये झिपच्या वर्णनात एका बिटाची भर पडली. तो बिट लावलेला असल्यास नाव यूटीएफ-८ पद्धतीत असल्याचे समजावे, असे ठरले. पायथन ३ मधील झिपफाइल घटक देवनागरी नावांसाठी हा बिट आपोआप लावतो. जुन्या साधनांनी हा बिट न लावता बनविलेले संग्रह वाचण्यासाठी नावांची संकेतपद्धती सांगण्याची सोय २०२२ मध्ये ३.११ या आवृत्तीत करण्यात आली. मूळ टार स्वरूपात नावासाठी १०० बाइट राखलेले असल्याने, तीन बाइटांच्या हिशेबाने, त्यात केवळ ३३ देवनागरी वर्णचिन्हे मावतात. पुढील विस्तारांनी ही अडचण दूर केली.

देवनागरी मजकूर यूटीएफ-८ मध्ये रोमन मजकुराच्या तिप्पट जागा घेतो, ही तक्रार संपीडित संग्रहात बरीच सौम्य होते. प्रत्येक वर्णचिन्हाचा पहिला बाइट एकच व दुसरा दोनांपैकी एक असतो. ही पुनरावृत्ती डिफ्लेटच्या दोन्ही टप्प्यांना उपकारक ठरते. युनिकोडपूर्व काळातील मराठी मजकुराचा प्रश्न मात्र वेगळा आहे. त्या काळी विशिष्ट फॉन्ट गृहीत धरून टंकलिखित केलेल्या फाइलींत अक्षरांचे संकेत त्या फॉन्टपुरतेच अर्थपूर्ण असतात. संग्रह असे बाइट जसेच्या तसे राखतो, पण त्यांचा अर्थ राखत नाही. म्हणून असे दप्तर जतन करताना संबंधित फॉन्ट, आणि शक्य असल्यास युनिकोडमध्ये रूपांतरित केलेली प्रत, त्याच संग्रहात ठेवणे आवश्यक असते.

धोके : संग्रह उलगडणे ही क्रिया बनविण्याइतकी निरुपद्रवी नाही. संग्रहातील फाइलीच्या नावात ‘वरच्या फोल्डरात जा’ अशी चिन्हे घालून ठेवली, तर निष्काळजीपणे लिहिलेली स्क्रिप्ट ती फाइल नेमलेल्या जागेबाहेर लिहिते आणि संगणकावरील महत्त्वाच्या फाइलींवर अतिक्रमण करते. हा दोष जुना असला, तरी २०१८ मध्ये ‘झिप स्लिप’ या नावाने तो पुन्हा चर्चेत आला. पायथनच्या टारफाइल घटकातील अशा दोषाची नोंद २००७ मध्ये झाली होती. त्यावरील गाळणीची व्यवस्था २०२३ मध्ये ३.१२ या आवृत्तीत आली आणि ती २०२५ मधील ३.१४ या आवृत्तीत पूर्वनिर्धारित झाली. दुसरा धोका अतिसंपीडनाचा होय. एकात एक गुंफलेल्या संग्रहांचा ‘४२ झिप’ हा प्रसिद्ध नमुना सुमारे ४२ किलोबाइटांचा असून पूर्ण उलगडल्यास ४.५ पेटाबाइट एवढी जागा मागतो. म्हणून अनोळखी संग्रह उलगडण्यापूर्वी सूचीतील आकारमान पाहणे व उलगडताना मर्यादा घालणे हितावह असते. झिपमधील मूळ परवलीची पद्धत दुर्बल असून गोपनीय कागदांसाठी ती पुरेशी मानली जात नाही.

नंतरच्या पद्धती : मायकेल बरोज व डेव्हिड व्हीलर यांनी १९९४ मध्ये मांडलेल्या रूपांतरावर आधारलेली जूलियन सीवर्ड यांची ‘बीझिप-२’ (१९९६), ईगर पाव्हलव्ह यांची ‘७-झिप’ (१९९९) व तीतील ‘एलझेडएमए’ ही रीत आणि यान कोले यांची ‘झेडस्टँडर्ड’ (२०१६) या नंतरच्या महत्त्वाच्या पद्धती होत. पहिल्या दोन अधिक संपीडन साधतात, तर तिसरी वेगासाठी नावाजली आहे. पायथनमध्ये तिचा समावेश २०२५ मध्ये झाला.

एलझेडएमए कुळातील ‘एक्सझेड’ या आज्ञावलीच्या ५.६.० व ५.६.१ या आवृत्त्यांत कोणी तरी हेतुपुरस्सर चोरवाट ठेवल्याचे मार्च २०२४ मध्ये आंद्रेस फ्रॉइंड यांनी उघडकीस आणले. दूरस्थ संगणकात प्रवेश करताना सुमारे अर्धा सेकंद अधिक लागतो, या क्षुल्लक वाटणाऱ्या निरीक्षणावरून त्यांनी शोध घेतला होता. असंख्य संगणकांवर असलेली ही आज्ञावली स्वयंसेवी वृत्तीने सांभाळली जात होती आणि दोन वर्षांहून अधिक काळ सहकार्य करून विश्वास संपादन केलेल्या एका टोपणनावाच्या व्यक्तीने हे कृत्य केले होते.

खुल्या स्वरूपाचा लाभ आणि त्याची जबाबदारी या दोहोंचे दर्शन या घटनेत घडते. स्वरूप व संहिता खुली होती म्हणूनच बाहेरील माणसाला दोष शोधता आला. परंतु खुली वस्तू सांभाळणाराही कोणी लागतो, याकडे दीर्घकाळ दुर्लक्ष झाले होते. १९८९ मध्ये प्रसिद्ध केलेल्या वर्णनाच्या आधारे त्या काळातील झिप फाइल आजही उघडता येते. तिच्या निर्मात्याची वा त्याच्या आज्ञावलीची त्यासाठी गरज पडत नाही. दीर्घकाळ टिकावयाचे दप्तर कोणत्या स्वरूपात बांधावे, हे ठरविताना काही टक्के जागेच्या बचतीपेक्षा हा गुण अधिक मोलाचा मानणे युक्त होय.